पाचव्या वर्गाच्या गावाची चौकशी

फिलिपिन्समधल्या एका छोट्या नगरपालिकेचा इतिहास मला तोंडपाठ आहे. गाव आधी नदीच्या मुखाशी होतं, मग आत सरकलं, वादळांमुळे आणखी हललं, मग एका मोठ्या आगीनंतर पुन्हा थोडं बाजूला गेलं. दगडी चर्च, चर्चसमोर चौक, चौकाच्या पलीकडे नगरपालिका. नारळ, भात, मासळी. तिथल्या वस्त्यांची नावं मी केर काढताना ओळीने म्हणू शकते. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, पण आमच्या पुस्तकात फिलिपिन्स म्हणजे निळ्या रंगावर सांडलेले ठिपके. त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून मुलं ते पान उलटतात. मीही उलटत आले होते. हे गाव आमच्या घरात शिरलं ते धाकट्या भावामुळे. गावाचं नाव इथे लिहीत नाही. लहान गावाचं नाव घेतलं की माणसं ओळखू येतात, याचा धडा मला मिळाला आहे.

आम्ही बडोद्याजवळच्या बाजव्यात राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे फिटर होते. आवाजाने त्यांचे कान अधू झाले आहेत, त्यामुळे घरात सगळे जण मोठ्याने बोलतात आणि कुठलंच बोलणं गुपित राहत नाही. भावाने आयटीआय केलं, काही वर्षं इथेच शटडाऊनची कामं केली. प्लांट बंद ठेवून जी मोठी दुरुस्ती चालते तिला इथे सगळे शटडाऊनच म्हणतात. मग आजूबाजूची पोरं जातात तसा तोही आखातात गेला.

एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, स्पीकरवर नाही ना?"

"नाही. काय झालं? नोकरी?"

"नोकरी बराबर आहे. एक मुलगी आहे."

"मराठी?"

"तू पण ना! आईचा पहिला सवाल तूच विचारून टाकलास. फिलिपिन्सची आहे. इथे दातांच्या दवाखान्यात असते, डॉक्टरच्या हाताखाली."

मी फोन घेऊन मागच्या ओट्यावर गेले. त्याने सगळं भरभर सांगितलं, जणू मधे थांबला तर मी फोन ठेवीन. तिचा करार संपत आला होता. ती गावी परत जाणार होती, आणि त्याला तिच्या आईवडिलांना भेटायचं होतं. पण एकट्याने नाही. घरचं कोणी आल्याशिवाय तिची आई ऐकून घेणार नाही, असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

"आणि आपली आई नाही म्हणाली तर?"

"तर मी लग्न करीन, ताई. पण मग बाजव्याला नाही येणार. आईचं तोंड उतरलेलं मला नाही बघवणार."

आत आई मेथी निवडत बसली होती. मी तिला सांगितलं. अण्णांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं, म्हणजे शेजारच्या गुजराती मासींनाही ते कळलं असणार. आईने हातातली जुडी संपवली. मग विचारलं, "गाव कुठलं?"

आमच्यात मुलगी द्यायची किंवा करायची तर आधी चौकशी होते. चौकशी म्हणजे मुलीला किंवा तिच्या आईबापाला काही विचारणं नव्हे. ते काय, चांगलंच सांगणार. विचारायचं ते तिऱ्हाइताला. आमचं मूळ घर नंदुरबारकडच्या एका लहान गावात. तिथे लग्न ठरायच्या आधी एक काका मुलीच्या गावाला जायचे आणि पिठाच्या गिरणीवर, किराणा दुकानात, दोन गल्ल्या सोडून एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ बसायचे. का आलो ते सांगायचे नाहीत. गाव कसं, पाणी कसं, सुनांना कसं वागवतात, घरात कोण किती पितो, हे सगळं घेऊन यायचे. ते नाही म्हणाले तर पुढे कोणी एक शब्द बोलायचं नाही.

माझ्या वेळी चौकशी झाली नव्हती. स्थळ बडोद्यातलंच, आत्याच्या ओळखीतून आलेलं, शिकलेली माणसं. अशा घरी विचारपूस करायची अण्णांना लाज वाटली. दुसऱ्या वर्षी मी बॅग घेऊन परत आले. त्याला आता बरीच वर्षं झाली. आई त्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही. फक्त गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की तिच्या तोंडून आधी हेच निघतं, "चौकशी केली का नीट?"

"तू शिकलेली आहेस," ती म्हणाली. "तुझ्या त्या मोबाइलमध्ये कर चौकशी. गाव कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि ना पण म्हणणार नाही."

घरातली मी पहिली पदवीधर. गॅसची नोंदणी असो नाहीतर पेन्शनचं काम, सगळं माझ्याकडे येतं, आणि मी त्याचा कधी कंटाळा केला नाही. ती पदवी माझ्या एकटीची नाही. अण्णांनी त्यासाठी दुहेरी पाळ्या केल्या. गावच्या शाळेतले भूगोलाचे सर सुट्टीच्या दिवशी वर्ग उघडून आम्हा चौघीपाचजणींना नकाशे दाखवायचे, आणि त्या बदल्यात कोणाकडून पेलाभर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. तेव्हा कोणी मला एखादं गाव शोधायला सांगितलं, तर ते शोधणं मला भाग असतं.

गावाचं पान सापडलं. नगरपालिकेने स्वतःच लिहिलेलं, मथळा 'इतिहास आणि ओळख'. दोन दिवस मी ते वाचलं. शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं, बसमध्ये वाचलं, एकदा तर वर्गात मुलं नकाशा भरत असताना टेबलाखाली धरून वाचलं. सगळं त्यात होतं, आणि आई जे विचारणार त्यातलं काहीच नव्हतं. मला बसवेना. भाऊ घड्याळात आमच्या अडीच तास मागे आणि ते गाव आमच्या अडीच तास पुढे. मी मधे अडकून दोन्हीकडची वेळ मनात फिरवत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई भाकरी थापत होती, मी पाटावर बसून सांगायला लागले.

"गाव पूर्वी नदीच्या तोंडाशी होतं. समुद्रातून लुटारू यायचे, माणसं धरून न्यायचे. म्हणून पाद्र्यांनी चर्चला उंच मनोरा बांधला, वर पहारा. पुढे लोक आत सरकले. मग वादळं, मग आग. तीनदा जागा बदलली."

"तीनदा? एक गाव तीनदा हलतं?"

"लुटारूंमुळे, आई."

"ते पहिल्यांदा. बाकीच्या दोन वेळा काय? पाणी नसेल. विचार."

"पुढे आहे की, पूर्वी हे गाव शेजारच्या मोठ्या गावाचा भाग होतं. त्या मोठ्या गावाला ते आईगाव म्हणतात. मग युद्धानंतर वेगळं झालं, स्वतःची नगरपालिका आली."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "वाटणी झाली म्हण. मग भांडण झालं असणार. आईपासून कोणी उगाच वेगळं निघतं का?"

"पानावर लिहिलंय, लोकांच्या सोयीसाठी."

"ते पानावर. आपल्या जाऊबाई वेगळ्या निघाल्या तेव्हा काय सांगत होत्या? सोयीसाठीच."

अण्णा दारात बसून हे सगळं ऐकत होते, म्हणजे निम्मं ऐकत होते. "नगराध्यक्ष कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी यादी उघडली. एकच आडनाव वरून खालपर्यंत पुन्हा पुन्हा येत होतं, मधे एखादं दुसरं.

"पाटीलकी आहे," अण्णा समाधानाने म्हणाले. परका देश त्यांना त्या एका गोष्टीने ओळखीचा झाला.

मी पुढे वस्त्या सांगितल्या. तिथे त्यांना बारांगाय म्हणतात. आमच्याकडे गावाचे पाडे असतात तसे, प्रत्येकाचा आपला मुखिया. ग्रामदैवत म्हणजे एक संत. वर्षातून एकदा त्याची जत्रा. मूर्ती पालखीसारखी खांद्यावरून मिरवतात, घरोघरी पानं वाढतात, अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय जात नाही. आईचा हात तिथे जरा थांबला. मग मी पुढचं वाक्य वाचलं आणि वाचताच कळलं की ते गाळायला हवं होतं.

"पाचव्या वर्गाची नगरपालिका."

"काय?"

"तिथे उत्पन्नावरून नगरपालिकांचे वर्ग करतात. पहिला, दुसरा... हे पाचवं."

"एकूण वर्ग किती?"

"सहा असावेत."

तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी बडोद्यातल्या वाडीहून आत्या आली. तिला कोणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती, आईने फोन केला असणार. आत्याच्या सासरचे लोक संस्थानाच्या फौजेबरोबर बडोद्यात आलेले. पुढच्या पिढ्या सगळ्या इथल्याच. घरात मराठी बोलतात, पण रागावले की गुजरातीत. आजही लग्नाची बोलणी निघाली की ते साताऱ्याकडचं एक मूळ गाव सांगतात, जे त्यांच्यातल्या कोणीही पाहिलेलं नाही.

आत्याने चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. "वहिनी, पाचव्या वर्गाचं गाव? आपल्याकडे मुली संपल्या का?"

"मुलगी गावाच्या वर्गावरून कोणी करत नाही, वन्सं," आई म्हणाली. हे ऐकून मला नवल वाटलं, कारण काल तिचीच भाकरी करपली होती.

"बाप काय करतो मुलीचा?"

भावाने ते मला सांगितलं होतं. "मोटारसायकलला बाजूला डबा जोडलेली रिक्षा असते तिथे. ती चालवतात."

"रिक्षावाला! ले!"

"आणि तुमच्या भावाने काय विमान चालवलं?" आई म्हणाली. अण्णांना हे मात्र स्वच्छ ऐकू गेलं. ते हसले.

आत्याने हार मानली नाही. "बरं, मूळ गाव कुठलं त्यांचं? तेच का?"

"तेच," मी म्हणाले. "तीनदा हललेलं, पण तेच."

"मग निदान मूळ गावात राहतात तरी," आई म्हणाली. आत्याने चहात बिस्कीट बुडवलं आणि विषय बदलला.

आत्या गेल्यावर आई माझ्याकडे वळली. "हे सगळं पानावरचं झालं. तिऱ्हाइताला विचारलंस का?"

मी भावाला फोन केला. तो वैतागला. "तिलाच विचार ना ताई, नंबर देतो. साधी मुलगी आहे, सगळं सांगेल."

"मुलीला विचारून चौकशी होते का?" आई मागून ओरडली.

मग मी ते केलं जे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. नगरपालिकेच्या पानावर संदेश पाठवायची सोय होती. मी इंग्रजीत लिहिलं की मी भारतातली शिक्षिका आहे आणि आपल्या गावाचा अभ्यास करते आहे. अर्ध्या तासात उत्तर आलं. नियोजन विभागातल्या एक बाई होत्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'पो' लावायच्या, आपण 'जी' लावतो तसं. फार प्रेमळ. आपल्या गावाची कोणी इतक्या लांबून विचारपूस करतंय याचा त्यांना आनंद झाला. मी आधी पाण्याचं विचारलं. झरा आहे, डोंगरातून नळ आणलाय, वादळानंतर मात्र काही दिवस बंद. वेगळं होण्याचं विचारलं. त्यांनी हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, पूर्वी बाजारकराच्या वाटणीवरून बरीच बोलाचाली झाली होती म्हणतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा विजयी झाला.

मग मी धीर करून पुढे सरकले. अमुक बारांगायमध्ये राहणारं एक कुटुंब, वडील तीनचाकी चालवतात, आई चर्चबाहेर तांदळाच्या वड्या विकते. माणसं कशी आहेत? नवरे दारू पितात का? म्हातारे आईबाप कोणाकडे राहतात? शेवटी आईच्या आग्रहाखातर हेही लिहिलं की गाव पाचव्या वर्गाचं आहे म्हणजे अडचणीत आहे का?

त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेत मी एका मुलाला एकच प्रश्न दोनदा विचारला. तो म्हणाला, "बेन, हे तर आत्ताच सांगितलं." घरी आले की फोन, चुलीजवळ फोन, दळण आणायला गेले तरी हातात फोन. बाजवा स्टेशनच्या पुलावर उभं राहून मी मालगाड्या बघत राहिले आणि एकही डबा मोजला नाही, एरवी मोजते.

मग भावाचा फोन आला.

"ताई, तू काय केलंस?"

"का?"

"त्या नगरपालिकेतल्या बाई तिच्या धर्ममाता आहेत! बाप्तिस्म्याच्या! तू त्यांना विचारलंस तिचे वडील पितात का म्हणून! आता अख्ख्या गावाला माहीत आहे की भारतातली एक मास्तरीण त्यांची झडती घेतेय. तिची आई दोन दिवस जेवली नाही धड."

जगात असं एकही गाव नसेल जिथे तिऱ्हाईत खरोखर तिऱ्हाईत असतो, हे मला कळायला हवं होतं. आमच्या त्या काकांनाही गिरणीवर नेहमी मुलीची मावशी भेटायची. ती आपण मावशी आहोत हे सांगायची नाही, एवढाच फरक.

"ती रडतेय," भाऊ म्हणाला. "आणि तिची आई म्हणतेय, मग आम्ही पण विचारणार."

त्याच दिवशी त्या बाईंचं उत्तर आलं. 'पो' एकही नव्हता. त्यांनी लिहिलं होतं की मुलीच्या आईच्या सांगण्यावरून त्या विचारत आहेत, आणि आता त्यांना अभ्यासाचं कारण नको. प्रश्न चार होते. उपग्रहाच्या नकाशात तुमच्या घराजवळ पांढऱ्या गोल टाक्या दिसतात, आणि एका उंच नळीतून आग निघताना दिसते. ते काय आहे, तिथे श्वास घेता येतो का? चर्च आहे का? तुमच्या देशात सुनांना त्रास देतात असं वाचलं आहे, तुमच्या घरात कसं आहे? आणि शेवटचा: तिचं तिथे जमलं नाही, तर ती परत येऊ शकेल का, आणि तुम्ही तिला येऊ द्याल का?

मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. मला वाटलं ती चिडेल. ती चिडलीच.

"आमच्या गावात काय वाईट आहे?"

"त्यांनी तसं म्हटलं नाही, आई."

"टाक्या दिसतात म्हणे! वर बसून आमचं घर बघतात!"

"आपण पण त्यांचं चर्च वरूनच बघितलं."

ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग म्हणाली, "घे फोन. मी सांगते ते लिही. तुझ्या मनाचं घालू नकोस."

"लिही, टाक्या आहेत. तेल आहे त्यात. वास येतो. रोज नाही, वारा इकडे फिरला की येतो. पहिली दोन वर्षं माझं डोकं दुखायचं, आता दुखत नाही. सवय झाली म्हणू नकोस, सवय चांगली नसते. दुखत नाही एवढंच लिही."

"माझं पण घाल," अण्णा दारातून म्हणाले. "म्हण, त्यातल्या पुष्कळ पाइपा आम्ही जोडल्यात. गळत नाहीत."

"कानांचं पण लिही," आई म्हणाली. "खरं ते सगळं लिही. चर्च बडोद्यात आहेत. रविवारी पोराने गाडीवरून न्यायचं, तेवढं तो करील. न केलं तर मी रिक्षाने पाठवीन."

सुनांचं आलं तेव्हा ती म्हणाली, "या घरात अजून सून आली नाही. म्हणून मी कशी वागेन ते मला माहीत नाही. मी खोटं का सांगू?" मी ते तसंच लिहिलं. पण असं उत्तर वाचून कोण आपली मुलगी देईल?

मग चौथा प्रश्न राहिला. मी तो पुन्हा वाचला. शेजारी मासींनी कुकर लावला होता. शिट्टी झाली, दुसरी झाली.

"लिही," आई म्हणाली. "या घरातून आम्ही एक मुलगी दिली होती. चौकशी न करता दिली. मोठी माणसं बघून दिली. तिचं जमलं नाही. ती परत आली, आम्ही दार उघडलं."

माझा अंगठा फोनवर थांबला.

"लिहितेस ना? पुढे लिही. तिला कोणी टोचून बोललं नाही. कमावते, घरात मान आहे. पण तिच्या आईने तिला कधी विचारलं नाही की तुला तिथे काय झालं. आईला भीती वाटायची. विचारलं असतं तर आपलीच चूक किती मोठी ते कळलं असतं."

"हे पण लिहू?"

"चौकशीत खरं सांगायचं असतं. नाहीतर करायची कशाला?"

मी लिहिलं. इंग्रजीत ते फार थोडं वाटलं. पाठवायच्या आधी मी अण्णांकडे बघितलं. ते त्यांच्या अधू कानांनी सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त मान हलवली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भाऊ रोज विचारायचा, "काही आलं?" मी म्हणायचे, "तुझ्याकडे काही?" तो म्हणायचा, ती काही बोलत नाही, आईशी बोलते आणि फोन ठेवते. आईने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले. मी उत्तरपत्रिका तपासायला बसायचे आणि उठायचे. त्या गावाचं पान मी पुन्हा उघडलं. नदीचं मुख, मनोरा, आग, वाटणी. तेच शब्द होते, पण आता मला तिथे माणसं दिसत होती. जाळातून मूर्ती बाहेर काढणारं कोणीतरी, बाजारकरावरून भांडणारे दोन भाऊ, आणि चर्चबाहेर टोपली मांडून बसलेली एक बाई, जी आमच्याबद्दल विचार करत होती.

उत्तर शुक्रवारी आलं. 'पो' परत आले होते. धर्ममाता बाईंनी लिहिलं होतं की मुलीच्या आईने सगळं दोनदा वाचून घेतलं. ती म्हणते, तुम्ही घरच्या माणसांनी या. पण जत्रेला येऊ नका. जत्रेला गाव सजतं, आम्ही उसनं आणूनसुद्धा पानं वाढतो, सगळे नवे कपडे घालतात, त्यावरून तुम्हाला काही कळणार नाही. साध्या दिवशी या. मंगळवारी किंवा बुधवारी. माझे यजमान रिक्षा घेऊन बाहेर असतील, मी वड्यांचे तांदूळ भिजवत असेन. तसंच बघा.

आईने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग पदराने तोंड पुसलं.

"मुलगी कशी आहे ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण हिच्याशी सोयरीक करायला माझी ना नाही. सांग त्याला."

मी भावाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्याला कोण सांगणार?" आई म्हणाली, "मी सांगते. तिला म्हणावं, बाई पहिल्या वर्गाची आहे."

पासपोर्टसाठी आईला आणि मला बडोद्यात जायचं होतं. आईने ठेवणीतली साडी नेसली, मग म्हणाली फोटोत काठ दिसत नाही, आणि बदलून आली. बाजव्याहून आम्ही रिक्षा केली. माझं मन पुढे धावत होतं. शाळेची सुट्टी, विमान, त्या बाईंसमोर बसून काय बोलायचं, मी नियोजन विभागात कोणत्या तोंडाने जायचं. छाणीच्या पुढे रहदारी वाढली. रिक्षावाला एका ट्रकच्या मागून वाट काढायला बघत होता.

"त्या घरी तुला काय काय झालं," आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "ते मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मग आता विचारते."

एवढ्या वर्षांत मी ते मनात इतक्यांदा सांगितलं होतं की एवढी लांब गोष्ट कुठून सुरू करायची हेच कळेना. आई पुढे वाकली आणि तिने रिक्षावाल्याच्या सीटवर हळूच हात ठेवला.

"भाई, जरा धीमे चलावजो," ती म्हणाली. "वात लांबी छे."